गहाण पडलेलं घड्याळ

बडोद्यात बावीस वर्षं मी एमएच्या मुलांना रास्कोल्निकोव्हचं स्वप्न शिकवते आहे. रास्कोल्निकोव्ह म्हणजे दोस्तोयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीचा नायक, सावकार म्हातारीचा कुऱ्हाडीने खून करणारा गरीब तरुण. कादंबरी १८६६ची, मनोविश्लेषक फ्रॉइडचा स्वप्नांवरचा ग्रंथ १९००चा. स्वप्नात तो सातेक वर्षांचा, वडिलांचा हात धरून चाललेला. गुत्त्यासमोर मिकोल्काच्या मरतुकड्या घोडीला माणसांनी गच्च भरलेली गाडी ओढवत नाही, म्हणून मिकोल्का तिला मारून टाकतो. माझा आवडता धागा हा, की स्वप्न आईच्या पत्रानंतर पडतं. पत्रातून त्याला कळतं, की भावाचं भलं व्हावं म्हणून बहीण नको त्या माणसाशी लग्नाला उभी राहिली आहे. ओझं ओढणारी घोडी कोण, हे मुलांना आपसूक दिसतं. उपकाराखाली दबलेल्या मुलाचा आईवरचा राग सावकार म्हातारीवर कसा वळतो, तेही दिसतं. प्रश्नपत्रिकेत मात्र ‘इडिपस गंड’ (मुलाची आईबद्दलची ओढ आणि बापाबद्दलचा मत्सर, ही फ्रॉइडची कल्पना) एवढं लिहिलं की गुण पडतात, याची मला चीड आहे.

परवा मागच्या बाकावरचा एक मुलगा वर्षात पहिल्यांदा बोलला. “मॅडम, आणि वडील?”

“ते तर कादंबरीत हयातच नाहीत.”

“स्वप्नात आहेत ना. मुलगा विचारतो, घोडीला का मारलं? ते म्हणतात, प्यायलेत ते, आपल्याला काय करायचंय, चल. आणि घड्याळ त्यांचंच आहे.”

घड्याळ! खुनाआधी चाचपणीला गेलेला रास्कोल्निकोव्ह म्हातारीकडे वडिलांचं चांदीचं घड्याळ ठेवतो. दीड रूबल ठरतो. जुनं-नवं व्याज आधीच कापून हातात एक रूबल पंधरा कोपेक. आकडे मला पाठ आहेत, पण मी ते कायम गरिबीच्या खात्यात टाकले. म्हणजे कुऱ्हाड घेऊन तो त्या घरात शिरतो, तेव्हा बाप तिथे आधीच गहाण पडलेला असतो. राग आईवर, की हात धरून बाजूला नेणाऱ्यावर?

“कुठे वाचलंस हे?”

“वाचलं नाही. आमच्या वर काका काकूला मारतात. बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात.”

वर्ग गप्प झाला. तास संपला होता. मी म्हटलं, “छान मुद्दा आहे, टिपण लिहून आण.”

आज त्याने चार पानं आणून दिली. घड्याळावर इतकं नेमकं मी कुणाचं वाचलेलं नाही. घरचं त्यात एक अक्षर नाही. पानं माझ्या पर्समध्ये आहेत, गुण अजून दिलेले नाहीत.