उजनीतला हिरवा ठिपका

माझं आजोळ इंदापूर तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरला. 1980 साली धरण पूर्ण झालं आणि आजोबांचं घर पाण्यात गेलं. मामा त्याच पाण्यात जाळं टाकतो. मी पुण्यात उपग्रहाच्या चित्रांवरून जमीनवापराचे नकाशे करते.

मागच्या उन्हाळ्यात हौसेनं जलाशयाचा नकाशा केला. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी नवीन, आणि एक चौकट दहा मीटरची. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर लोक मका, कडवळ पेरतात. ती गाळपेर मी हिरव्या रंगात दाखवली आणि मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. लगेच फोन आला.

"आगं, ही कुठली गाळपेर? जलपर्णी हाय ती. वारं फिरलं की जाईल पल्याड."

पुढचं चित्र आलं, तर तो ठिपका खरंच समोरच्या काठाला लागला होता.

स्वच्छ पाणी डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा गिळतं, म्हणून त्या पट्ट्यात ते काळं दिसतं. हिरवं पान तोच प्रकाश जोरात परत फेकतं. मका काय, जलपर्णी काय, दोन्ही पानंच; एकट्या चित्रात दोन्ही सारखीच उजळ. जागा बदलते ती जलपर्णी. तेव्हापासून मी एका तारखेचं चित्र बघून काठावरच्या हिरव्याला नाव देत नाही.

पाण्यात विरघळल्यासारखं पसरलेलं शेवाळ ओळखायला वेगळी युक्ती लागते. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं, पण त्याच्या जरा पुढे, 705 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, असं पाणी जरा उजळ दिसतं. त्या दोन पट्ट्यांची तुलना केली की दाट शेवाळाचे भाग वेगळे निघतात. कुठे जास्त, कुठे कमी एवढं त्यातून कळतं. नेमकं किती, हे सांगायला पाण्याचा नमुनाच तपासावा लागतो.

निदान पाण्यात किती खोलवर दिसतं ते मोजायला मी एका स्टीलच्या ताटलीचे चार भाग करून ते आलटून पालटून काळे-पांढरे रंगवले. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. उपग्रह आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमारास जातो. त्या वेळी मामा होडी थांबवतो आणि मी ताटली सोडते. भीमेच्या वरच्या अंगाला दोन गाठींच्या आतच ती दिसेनाशी झाली. मामानं दोरी हातात घेऊन पुन्हा सोडली. काही बोलला नाही.

हे पाणी येतं कुठून, ते मला माहीत आहे. माझ्या घरच्या मोरीतलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत जातं आणि तिथून मामाच्या जाळ्यापर्यंत. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद शेवाळाला, जलपर्णीला पोसतं. चित्रात दिसतो तो फक्त रंग. अमोनिया, आतड्यांतले जंतू यांना रंग नाही, ते कुठल्याही उपग्रहाला दिसत नाहीत. नुसत्या चित्रावरून "पाणी चांगलं आहे" असं कुणी सांगितलं, तर मी ते मानणार नाही.

पावसाळ्यात ढगांमुळे सेंटिनेल-2 आंधळा होतो. सेंटिनेल-1 चं रडार ढगांतून बघतं, पण ते पाण्याचा रंग सांगत नाही. पाणी कुठवर चढलं तेवढं सांगतं. त्या दिवसांसाठी मामाला एक वही दिली आहे. तारीख, वारा कुठला, ताटली कितव्या गाठीला दिसेनाशी झाली. पहिल्या पानावर त्यानं न विचारता चौथा रकाना आखलाय: मासळी किती.