अल्ब्युमिन काढताना हात एकसारखा हवा

प्लाझ्मा म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्ताचा पातळ भाग. त्याच्या १ मिलिलिटरमध्ये ६० ते ८० मिलिग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यातलं निम्म्याहून जास्त एकटं अल्ब्युमिन. निरोगी माणसाच्या त्याच प्लाझ्मात इंटरल्युकिन-६ हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन मात्र जेमतेम काही पिकोग्रॅम (१ पिकोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा शंभर कोटीवा भाग). दोघांत सुमारे एक हजार कोटी पटींचा फरक आहे. प्रथिनांचे तुकडे (पेप्टाइड) वजनावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर कितीही चांगला असला तरी त्याचा बहुतेक वेळ अल्ब्युमिनचे पेप्टाइड मोजण्यातच जातो. म्हणून आधी भरमसाट असलेली प्रथिनं बाजूला काढायची, म्हणजेच डिप्लिशन.

हे काम कॉलमपाशी, म्हणजे ही प्रथिनं अडकवणाऱ्या नळीपाशी, सुरू होतं असं अनेकांना वाटतं, पण ते रक्त काढण्यापासूनच सुरू होतं. घोडबंदर रोडवरच्या दवाखान्यात काढलेलं रक्त महापेच्या लॅबमध्ये पोचायला गर्दीच्या वेळी दोन तास सहज जातात. तेवढ्यात प्लेटलेट्स आपली प्रथिनं सोडायला लागतात. त्यामुळे प्लाझ्मा तिथेच वेगळा करून घ्या. ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन असलेली) ट्यूब हलक्या हाताने ८-१० वेळा उलटीसुलटी करायची आणि तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये २००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या २००० पट जोराने) १५ मिनिटं फिरवायची. पांढऱ्या पेशींच्या थरावरचा अर्धा सेंटिमीटर प्लाझ्मा तसाच सोडायचा. वरचा काढून पुन्हा २५०० जीला १५ मिनिटं फिरवला की उरलेल्या प्लेटलेट्स तळाशी बसतात. मग ५०-५० मायक्रोलिटरच्या ट्यूब भरून उणे ८० अंशांवर ठेवायच्या. अख्ख्या रक्ताची ट्यूब गोठलेल्या जेल पॅकला चिकटवून पाठवू नका, लाल पेशी फुटतात. गुलाबी झालेला प्लाझ्मा सरळ बाद करा. कॉलम ज्या प्रथिनांना अडकवतो त्यांच्या यादीत हिमोग्लोबिन नसतं आणि ते कॉलममधून पार होणाऱ्या तुमच्या स्वच्छ भागात येऊन बसतं.

कॉलम कोणता घ्यायचा? सिबाक्रॉन ब्लू हा रंग लावलेलं रेझिन (कॉलममध्ये भरलेले बारीक मणी) स्वस्त आहे, पण अल्ब्युमिनसोबत इतर बरीच प्रथिनंही ओढून नेतं. प्रोटीन ए लावलेलं रेझिन फक्त आयजीजी या रक्तातल्या अँटिबॉडीसाठी, आणि त्यातलाही आयजीजी-३ हा उपप्रकार ते नीट धरत नाही. रुग्णांच्या सॅम्पलची तुलना करायची असेल तर अँटिबॉडी लावलेला १४ प्रथिनांचा कॉलमच घ्यावा असं आमचं मत. त्यात अल्ब्युमिन, आयजीजी, आयजीए, ट्रान्सफेरिन, हॅप्टोग्लोबिन, फायब्रिनोजेन वगैरे मिळून सुमारे ९४ टक्के प्रथिनं अडकतात.

आता पिपेटकडे या, कारण खरा घोळ इथेच होतो. वितळलेलं सॅम्पल हलकेच मिसळून १०,००० जीला १० मिनिटं थंडच फिरवा. वर सायीसारखा चरबीचा पातळ थर दिसतो आणि तळाशी कधी कधी बारीक पांढरट कण. पिपेटचं टोक सायीखालून घाला, तळाला लावू नका. दोन्हींतलं काहीही आत गेलं तर कॉलम तुंबतो. जुलैत थंड ट्यूबवर लगेच पाणी जमतं. झाकण पुसल्याशिवाय उघडू नका, एक थेंब आत पडला तरी ५० मायक्रोलिटरचं गणित बिघडतं.

लहान स्पिन कॉलमला साधारण ८ मायक्रोलिटर प्लाझ्मा लागतो, तो बफरने (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) २०० मायक्रोलिटर करायचा. प्लाझ्मा घट्ट असतो, टोकाच्या बाहेरूनही चिकटतो. ८ मध्ये १ मायक्रोलिटरची चूक म्हणजे साडेबारा टक्के. म्हणून १६ घ्या, ४०० करा आणि त्यातले २०० वापरा. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मगच कॉलममध्ये घाला. फिरवण्याचा वेग अगदी कमी, १०० जीच्या आसपास. पुढे पाच मिनिटं थांबून ४०० मायक्रोलिटर बफरने दोनदा धुवायचं. घाईत वेग वाढवला तर प्रथिनांना अँटिबॉडीला चिकटायला वेळच मिळत नाही आणि अल्ब्युमिन खाली गळतं. डीटीटीसारखं रिड्यूसिंग रसायन कॉलममध्ये कधीही जाऊ देऊ नका, अँटिबॉडीचे डायसल्फाइड बंध तुटतात आणि कॉलम कायमचा वाया जातो. तो गोठवूही नका.

कॉलमची क्षमता निरोगी प्लाझ्मा धरून ठरवलेली असते. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णात आयजीजी नेहमीच्या कितीतरी पट असू शकतं. तेवढंच सॅम्पल घातलं तर आयजीजी ओसंडून पुढे येतं आणि तो फरक आजाराचा आहे असं वाटतं. अशा सॅम्पलची एकूण प्रथिनं आधी मोजा, शंका असेल तर निम्मंच घाला. थोडं अल्ब्युमिन प्रत्येक सॅम्पलमध्ये सारखंच उरलं तर चालतं. एकात शून्य आणि दुसऱ्यात दहा टक्के, हे चालत नाही. प्रत्येक बॅचच्या सुरुवातीला आणि शेवटी एकाच मिश्र प्लाझ्माचं सॅम्पल चालवा. जेलवर अल्ब्युमिनची ६६ किलोडाल्टनची पट्टी दोन्हीकडे सारखीच फिकी दिसायला हवी.

हिशोब करून पाहा. ८ मायक्रोलिटरमध्ये साधारण ५६० मायक्रोग्रॅम प्रथिनं, त्यातली ६ टक्के म्हणजे ३४ मायक्रोग्रॅम, तीही सुमारे १ मिलिलिटर बफरमध्ये पसरलेली. इतकं पातळ द्रावण साध्या प्लास्टिकला चिकटून संपतं, तेव्हा लो-बाइंड ट्यूबच वापरा. ५ किलोडाल्टनच्या फिल्टरवर आटवून ५० मिलिमोलर ट्रायइथिल अमोनियम बायकार्बोनेटमध्ये तीनदा बदला. बफरमध्ये ट्रिस असेल आणि पुढे टीएमटी लेबल (सॅम्पलची तुलना करण्यासाठी पेप्टाइडना लावायची खूण) लावायचं असेल तर ही पायरी टाळताच येत नाही. ट्रिसमधला अमाइन गट लेबल खाऊन टाकतो. फिल्टर मात्र कोरडा पडू देऊ नका.

यातून मिळतं किती? ९४ टक्के काढल्यावर उरलेल्याचं प्रमाण जास्तीत जास्त १६ पटींनी वाढतं. हजार कोटींच्या फरकात ते एका शून्याहून थोडंच जास्त. त्यामुळे डिप्लिशननंतर इंटरल्युकिन दिसेल ही आशा धरू नका, त्याला अँटिबॉडीवर आधारलेली चाचणीच हवी. फायदा होतो तो मधल्या पट्टीतल्या, नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम पातळीच्या प्रथिनांना.

कॉलमला अडकलेला भागही फेकू नका. अल्ब्युमिन वाहक आहे, त्याला चिकटून लहान प्रथिनं आणि पेप्टाइड निघून जातात. तो भाग आम्लयुक्त बफरने सोडवला की लगेच उदासीन करा, मूळ सॅम्पलचाच नंबर लिहा आणि उणे ८० वर त्याच्या शेजारीच ठेवा. नंतर एखादं प्रथिन गायब दिसलं तर आधी तिथेच शोधा.