वेकबोर्डची बोट: इंजिन ठणठणीत, सांधे थकलेले

बोट पाण्यातून काढून सांगलीला शेडमध्ये आणल्यापासून जो येतो तो एकच विचारतो: इंजिन किती तास चाललंय? इंजिन ठणठणीत आहे. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळपास आलं, ऑइलमध्ये पाणी नाही, गिअरबॉक्सचं तेल जळलेलं नाही. इंजिनाबद्दल या वेळी एवढंच. झीज झालीय ती दुसरीकडे, आणि ती मीटरवर दिसत नाही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: 21 फुटी फायबरची जुनी इनबोर्ड बोट (इंजिन बोटीच्या आत बसवलेलं), आम्ही चौघांनी वेकबोर्डसाठी भागीत घेतलेली. वेकबोर्ड म्हणजे बोटीमागे दोर धरून, पायाला बांधलेल्या फळीवर उभं राहून बोटीच्या लाटेवर उड्या मारायचा खेळ. पावसाळा संपला की कासवरून उतरून बामणोलीच्या बाजूला शिवसागरात, परवानगी असलेल्या पट्ट्यात चालते. उन्हाळ्यात कोयनेचं पाणी मागे सरकलं की काठ म्हणजे नुसता चिखल, त्यामुळे हंगाम तसा आखूडच.

रिकामा ट्रॅक्टर गावातून फिरवणं आणि उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून चढावरून कारखान्याला नेणं, तासांचा मीटर दोन्हीकडे सारखाच फिरतो. आपल्या बोटींचं तेच होतं. वेकबोर्डला वेग फार लागत नाही, ताशी 30 ते 37 किलोमीटर पुरतात. पण लाट मोठी हवी म्हणून आपण बोट मुद्दाम पाण्यात खाली बसवतो. आमच्याकडे पाण्याच्या तीन पिशव्या आहेत, मिळून 700 लिटरच्या. म्हणजे 700 किलो झाले, वर माणसं वेगळी. एवढं ओझं घेऊन दर वेळी जागेवरून उठायचं, बोर्डवाला पडला की थांबायचं, वळायचं, पुन्हा उठायचं. यात इंजिनापेक्षा जास्त मार खातात ते जोड.

सगळ्यात आधी टॉवर, म्हणजे दोर बांधायची बोटीवरची उंच कमान. दोर वरून ओढला की बोर्डवाल्याला उडी चांगली मिळते, म्हणून तो पाण्यापासून दोन मीटरभर उंचीवर बांधलेला असतो. बोर्डवाला बाजूला झुकून जोरात ओढत गेला की तेवढ्या उंचीच्या तरफेने सगळा झटका टॉवरच्या चार पायांवर येतो. आमच्या डाव्या मागच्या पायाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा होत्या. अशा रेषा बऱ्याचदा नुसत्या जेलकोटमध्ये, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थरात असतात, पण ते बघून कळत नाही, घासूनच कळतं. उजव्या बाजूच्या रेषा ग्राइंडरचा हलका हात फिरवताच गेल्या. डाव्या बाजूची एक रेष खाली थेट फायबरच्या थरात उतरलेली निघाली. आतून हात घालून पाहिलं, तर नटाखाली साधे वायसर, आधाराची प्लेट नाही. एवढ्याशा वायसरवर हे ओझं इतकी वर्षं टिकलं हेच नवल. त्यात टॉवरवर स्पीकर, बोर्डांचे स्टँड, आणि पोरं लोंबकळतात ते वेगळंच.

फायबरचं काम कुपवाडला एका कारागिराकडे दिलं. तो एरवी टाक्या आणि मंडळांच्या देखाव्यांचं काम करतो, त्यामुळे गणपती होईपर्यंत त्याच्याकडे पाय ठेवायला जागा नव्हती. उशीर झाला ते बरंच झालं, पावसाळी दमट हवेत रेझिनचं काम करूच नये. ऑक्टोबरच्या उन्हात थर नीट वाळले. चीर इंग्रजी व्हीसारखी कोरून उघडली, आतून फायबरच्या चटईचे थर चढवले, वरून जेलकोट. जेलकोट हवेत उघडा राहिला तर वरून चिकट राहतो, म्हणून त्यावर प्लास्टिकची फिल्म ताणून लावली. मग 320 पासून 2000 पर्यंत पॉलिशपेपर. पांढरा रंग काही जुळला नाही. आपली बोट पांढरी नसतेच, उन्हाने पिवळट झालेली असते, हे नवा रंग शेजारी लागल्यावर समजतं.

दुसरी गोष्ट वजनाची. फरशीखालच्या पोकळीत फोम असतो आणि जुन्या बोटीत तो हळूहळू पाणी पितो. सगळीकडे लाकडी हातोडीने ठोकून पाहिलं. पुढे टणटणीत, मागे उजव्या कोपऱ्यात बद्द आवाज. शंका फेडायला ट्रेलरसकट बोट वजनकाट्यावर नेली, मग रिकामा ट्रेलर नेला. काट्यावरचा माणूस उसाऐवजी बोट बघून हसला, पण पावती दिली. वजाबाकी केल्यावर पुस्तकातल्या वजनापेक्षा दीडेकशे किलो जास्त भरलं. पेट्रोलची टाकी रिकामी होती, पिशव्या काढलेल्या होत्या. म्हणजे आम्ही न मागता एक चौथी पिशवी कायम घेऊन फिरत होतो. फरशीला भोक पाडून पाणी काढलंय, ओला फोम खरवडून काढायचं काम चालू आहे. हे काम घाण आहे, खाज सुटते, आणि त्या दिवशी भागीदारांना बरोबर लग्नं निघतात.

आता शाफ्ट. यावर जरा लिहितो, कारण इथे आपल्या भागाचा फायदा झाला. इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा इनबोर्ड बोटीचा शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथे पाणी आत येऊ नये म्हणून डोरी भरलेली ग्लँड असते, आणि पंख्याच्या अलीकडे पाण्यावरच चालणारा रबरी बुश. बोटीचा मेकॅनिक इथे शोधून सापडत नाही. पण व्हर्टिकल टर्बाइन पंपात असाच रबरी बुश असतो, त्यालाही वंगण पाण्याचंच. सांगलीत पंपाला काय कमी, जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे आणि ताकारी, म्हैसाळ, टेंभू अशा उपसा योजना आहेत. पंपांची कामं केलेल्या एका मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी शाफ्ट हाताने वरखाली हलवून पाहिला आणि म्हणाले, "बुश गेलाय तुमचा. गाळाचं पाणी हाय का तिथं?"

आहे. कोयनेच्या खोऱ्यातली लाल माती पहिल्या महिन्यात पाण्यात असतेच, आणि काठाजवळ बोट वळवली की तळाची रेतीही वर येते. ती रबरात रुतून बसते आणि फिरत्या शाफ्टवर चर पाडते. बुश बदलला. शाफ्ट लेथवर फिरवून पाहिला, सुदैवाने सरळ निघाला. ग्लँडची जुनी डोरी दगडासारखी झाली होती. नवी भरताना मिस्त्रींनी बजावलं की कडक आवळायची नाही, चालू असताना थेंब पडलाच पाहिजे. पूर्ण कोरडी ग्लँड म्हणजे शाफ्ट जळायची तयारी.

इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तोंडांमधल्या फटीचा फरक तीन थाऊच्या (इंचाच्या तीन हजारांश भागाच्या) आत हवा, आणि तो बोट पाण्यात असतानाच मोजायचा, कारण ट्रेलरवर बोटीचा आकार किंचित वेगळा बसतो. आम्ही गेल्या हंगामात पिशव्या रिकाम्या असताना आणि भरल्यावर असं दोन्ही वेळा फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून पाहिलं होतं. रिकाम्या बोटीत बरोबर बसणारा जोड भरल्यावर फाकत होता. तेव्हा वाटलं माउंटिंगचे रबर दबलेत. आता तो ओला कोपरा बघून वाटतं, दुखणं तिथलंच असावं.

पंख्याच्या एका पात्याचं टोक वाकलंय, बहुधा पाण्याखालच्या जुन्या खोडावर. शाफ्टवर तंगूसही गुंडाळलेला निघाला. मासेमारीची जाळी आपल्या आधीपासून तिथे आहेत, आपणच लांबून जायचं.

बाकी किरकोळ. कूलिंगच्या पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, दरवर्षी बदलतोच. या वेळी त्याचं एक पातं गायब होतं, ते पुढे ऑइल कूलरच्या तोंडाशी अडकलेलं सापडलं. तुटका तुकडा सापडेपर्यंत काम संपलं असं समजू नका. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे टाकीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवणं बंद केलंय, जुने पाइप बदललेत आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवलाय. आपल्याच उसाचं इथेनॉल, तक्रार कुणाकडे करणार! सीटचं रेक्झिन चांगलं आहे, शिवणीचा दोरा मात्र उन्हाने कुजलाय. कुशनवाला फक्त शिवण उसवून जाड पॉलिस्टर दोऱ्याने पुन्हा मारून देणार आहे.

चौघांत एक ठरलंय: तिसरी पिशवी या हंगामात भरायची नाही. दोघांना ते पटलेलं नाही, लाट पडेल म्हणतात. पडू दे. आणि बोर्डवाला पडला की ताबडतोब जोरात वळायचं नाही. आधी वेग पूर्ण कमी करायचा, मग सावकाश फिरायचं, नाहीतर भरलेली बोट स्वतःच्याच लाटेवर आपटते आणि तो दणका सगळ्या जोडांना बसतो.

टॉवरच्या पायांखाली आतून ॲल्युमिनियमची प्लेट घालायची आहे. 6 मिलीमीटर पुरेल असं कारागीर म्हणतो, मला 8 घ्यावीशी वाटते, पण मग मागच्या पायाजवळ वायरिंगला जागा उरत नाही. कुणी हे काम केलं असेल तर प्लेट किती जाड आणि केवढ्या मापाची घेतली ते कळवा. कटिंगला द्यायची थांबवून ठेवलीय.