गोल कंस, चौकोनी कंस

मेजरच्या, म्हणजे मुख्य विषय निवडण्याच्या, फॉर्मवर तिन्ही विभागप्रमुखांच्या सह्या लागतात. जुलै २०२५ मधला तो शेवटचा दिवस, त्यामुळे सकाळपासून दाराशी रांग होती. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं. नवं शैक्षणिक धोरण आमच्याकडे २०२४-२५ मध्ये आलं आणि ही त्याची पहिलीच तुकडी. पहिल्या वर्षी तीन विषय सारखेच शिकायचे. दुसऱ्या वर्षाला त्यातला एक मेजर, एक मायनर म्हणजे दुय्यम, आणि तिसरा सुटला. पूर्वी ही निवड तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर व्हायची. दोन वर्षं हाताखालून गेलेली असायची, पोरांना आपलं आपल्याला उमगलेलं असायचं. आता एका वर्षात ठरवायचं. गणिताच्या बाबतीत हे मला फार घाईचं वाटतं, कारण बारावीचं गणित आणि बी.एस्सी.चं गणित यांचं नातं नावापुरतंच असतं. तिथं उत्तर काढायचं, इथं ते उत्तर खरं का, हे सांगायचं. ही वाट बदलतेय हे कळेपर्यंतच पहिलं वर्ष सरतं.

आमच्याकडे सगळा ओढा रसायनाकडे. एमआयडीसीत औषधांच्या कंपन्या आहेत, त्यांच्या क्यूसीच्या, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या, प्रयोगशाळांत बी.एस्सी. केमिस्ट्रीची मुलं लागतात. त्यात चूक काही नाही.

दोनच्या सुमारास ती वडिलांबरोबर आली. फॉर्मवर मेजर रसायनशास्त्र, मायनर भौतिकशास्त्र. गणित सोडल्याची माझी सही हवी होती. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, बोलायची नाही, पण फळ्यावर माझं चिन्ह चुकलं की तिची मान हळूच वर यायची. ते मी कितीदा तरी पाहिलं होतं. म्हणून सही करण्याआधी विचारलं, "का गं सोडतेस?"

"मॅडम, मला प्रूफ जमत नाही. कॅल्क्युलसच्या टेस्टला प्रूफमध्ये शून्य पडलं."

वडील म्हणाले, "पावण्यांचा पोरगा क्यूसीला लागलाय, मॅडम. हिला बी तसंच कायतरी व्हावं. गणितात पुढं काय करत्यात, आम्हाला तर म्हाईत नाय."

अंतर्गत चाचणीचे गठ्ठे माझ्याच कपाटात होते. तिचा पेपर काढला. १५ पैकी ६. दुसरा प्रश्न पाच गुणांचा, त्यावर माझ्या हातचं लाल शून्य.

प्रश्न असा होता: ० ते १ या इंटरव्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन बाउंडेड असतं, सिद्ध करा. (इंटरव्हल म्हणजे दोन संख्यांमधला पट्टा, कंटिन्युअस म्हणजे किंमत कुठंच एकदम उडी न मारणारं, बाउंडेड म्हणजे किंमती एका ठरावीक मर्यादेत राहणारं.) तिनं दोनच ओळी लिहिल्या होत्या. "एक भागिले एक्स हे फंक्शन इथे कंटिन्युअस आहे, पण एक्स शून्याजवळ गेला की ते वाढतच जातं. म्हणून हे सिद्ध होत नाही."

मी प्रश्नपत्रिका शोधून काढली. कंस गोल होते. मला चौकोनी द्यायचे होते. टाइप करताना गोल पडले आणि तपासताना मी माझ्या मनातले चौकोनी कंसच वाचले.

गणित न केलेल्यांसाठी एवढं सांगते. चौकोनी कंस म्हणजे ० आणि १ ही दोन्ही टोकं धरून, गोल कंस म्हणजे टोकं वगळून. टोकं धरली तर प्रमेय खरं आहे. सिद्धता अशी: फंक्शन बाउंडेड नाही असं समजू. मग (चिन्ह सोडून) एकाहून, दोनाहून, तीनाहून मोठी किंमत देणारे बिंदू एकेक करून निवडता येतात. बोल्झानो-वायरश्ट्रास प्रमेयानं त्यांतल्या निवडक बिंदूंची एक न संपणारी रांग कुठल्या तरी एका बिंदूकडे सरकते. तो बिंदू इंटरव्हलमध्येच असतो, कारण टोकं आपण धरली आहेत. तिथं फंक्शन कंटिन्युअस, म्हणजे किंमती एका ठरावीक संख्येकडे जायला हव्यात. पण त्या तर वाढत चालल्यात. विसंगती. या सगळ्यात कंसाचं काम एकाच ओळीत आहे, "तो बिंदू इंटरव्हलमध्येच असतो" या ओळीत. टोक वगळलं की ती ओळ पडते आणि तिच्याबरोबर सगळी सिद्धता.

प्रश्न चुकीचा होता. ज्यांनी पुस्तकातली सिद्धता पाठ करून उतरवली, त्यांना मी पाचपैकी पाच दिले होते. जिनं प्रश्न वाचला, तिला शून्य.

"पेपर दाखवले तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला वाटलं माझंच चुकलं असेल. सगळ्यांनी मोठं प्रूफ लिहिलेलं."

मी तिच्यासमोर आणि तिच्या वडिलांसमोर सांगितलं की चूक माझी आहे, हिचं उत्तर पूर्ण बरोबर आहे. गुण विद्यापीठाकडे कधीच गेले होते, निकालही लागला होता. दुरुस्तीचा अर्ज मी त्याच बैठकीत लिहिला. पण नऊ महिने ही मुलगी आपल्याला गणित येत नाही असं समजून वर्गात बसली होती, त्याला कुठला अर्ज करायचा?

ती म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या वर्षाला असं असतं का? की पाठच करायचं असतं?"

उत्तर देण्याऐवजी मी तिला कोरा कागद दिला. म्हटलं, आता टोकं दोन्ही धर, ० ते २. पण संख्या फक्त परिमेय घे, बाकीच्या संख्या जगातच नाहीत असं समज. आता प्रमेय खरं की खोटं?

वडील चहा घ्यायला कँटीनकडे गेले. रांगेतल्या पाच-सहा जणांच्या सह्या मी करत राहिले. ती कागदावर काही लिहायची, खोडायची. बऱ्याच वेळानं म्हणाली, "टोकाला भोक नाही. पण मध्येच भोक आहे. दोनाच्या वर्गमुळापाशी." आणि लिहिलं: एक भागिले, एक्सचा वर्ग वजा दोन.

परिमेय संख्येचा वर्ग दोन होत नाही, म्हणून छेद कुठंच शून्य होत नाही. फंक्शन प्रत्येक बिंदूपाशी कंटिन्युअस. आणि तरीही बाउंडेड नाही. मी म्हटलं, किंमत मोठी होते हे आकड्यात दाखव. तिनं भारतीय ज्ञानप्रणालीच्या तासाला शिकलेली, शुल्बसूत्रं या यज्ञवेदी मापण्याच्या प्राचीन ग्रंथांतली, दोनाच्या वर्गमुळाजवळ जायची रीत काढली: एक, अधिक एक तृतीयांश, अधिक त्याचा चौथा भाग, वजा त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग. आधी १७/१२ आलं, फंक्शनची किंमत १४४. मग ५७७/४०८ आलं. मोबाइलवर गुणाकार केला, आणि कागद माझ्याकडे फिरवला: १,६६,४६४. दोन्ही वेळा किंमत म्हणजे नेमका छेदाचा वर्ग! हे मला स्वतःला कधी सुचलं नव्हतं. पंधरा वर्षं हा धडा शिकवतेय.

वडील चहा घेऊन आले तेव्हा मी त्यांना खरं काय ते सांगितलं. गणित घेऊन लगेच कंपनीत नोकरी मिळणं अवघड आहे. एम.एस्सी.ला आयआयटीत जायचं तर जॅम परीक्षा आहे, तीन तासांची, १०० गुणांची. जॅमच्या अभ्यासक्रमात रिअल अनॅलिसिस, लिनिअर अल्जिब्रा आणि ग्रुप थिअरी असते आणि ते सगळं मेजरवाल्यांनाच पुरेसं शिकायला मिळतं. शिक्षकी पेशा आहे, आकडेवारीची कामं आहेत, पण त्यासाठी पुढं शिकावं लागेल, म्हणजे अजून दोन वर्षांचा खर्च. रसायन मायनरला ठेवता येईल. मात्र क्यूसीची नोकरी मायनरवर मिळेल असं मी म्हणणार नाही.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग लेकीला विचारलं, "तुला झोप कशात लागंल?" ती म्हणाली, "यात नाही लागणार, बाबा." आणि हसली. त्यांना ते कळलं. मला वाटलं त्याहून जास्त कळलं.

नवा फॉर्म साडेचारला भरला. मेजर गणित, मायनर रसायनशास्त्र. भौतिकशास्त्राच्या सरांची सही घ्यायला ती पळत गेली.

कॉलेज सुटल्यावर मी उरलेला गठ्ठा पुन्हा तपासायला घेतला. बहुतेकांनी पुस्तकातलीच सिद्धता लिहिलेली. पण एका मुलानं "तो बिंदू इंटरव्हलमध्येच असतो" या ओळीशेजारी समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलं होतं. कागद उजेडाकडे धरला तेव्हा वाचता आलं: "पण कंस गोल आहे ना?" त्याखाली पेनानं सिद्धता पुरी केलेली, आणि मी दिलेले पाच गुण.

यादीत त्याचं नाव पाहिलं. त्याचा फॉर्म सकाळी अकरालाच जमा झाला होता. गणित सोडल्याच्या रकान्यात सही माझीच होती.