लिनक्स लॅपटॉपसाठी यूएसबी वायफाय अडॅप्टर निवडताना

लॅपटॉपमधले मूळ वायफाय कार्ड बिघडले, किंवा त्याला लिनक्सवर ड्रायव्हरच (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) मिळाला नाही, की यूएसबी अडॅप्टरचा विचार सुरू होतो. अडॅप्टर घेताना बहुतेक जण कंपनीचे नाव, खोक्यावर छापलेला वेग आणि अँटेनाचा आकार पाहतात. विंडोजवर एवढ्याने भागते, कारण ड्रायव्हर पुरवण्याची जबाबदारी उत्पादकाने घेतलेली असते. लिनक्सवर मात्र या तिन्ही गोष्टी नंतरच्या. अडॅप्टरच्या आत कोणता चिपसेट (वायफायचे काम करणारी मुख्य चिप) आहे आणि त्याचा ड्रायव्हर आपल्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून आहे की बाहेरून आणून बसवावा लागणार आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे हाती येईपर्यंत खरेदी लांबणीवर टाकावी, असे माझे मत आहे.

खोक्यावर किंवा जाहिरातीत ‘लिनक्सवर चालतो’ असे लिहिलेले असले, तरी त्या वाक्यावर फार विसंबून राहू नये. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की उत्पादकाने कधीकाळी एखाद्या जुन्या कर्नलसाठी ड्रायव्हरचा सोर्स कोड प्रसिद्ध केला होता आणि तो संकलित (कंपाइल) करून बसवण्याचे काम ग्राहकावर सोडले आहे. अशा कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरची गंमत अशी, की पहिल्या दिवशी तो बहुधा व्यवस्थित चालतो. खरी परीक्षा काही आठवड्यांनी, कर्नलचे अद्ययावतीकरण होते तेव्हा सुरू होते. कर्नलची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलत असते, आणि बाहेरचा ड्रायव्हर त्या बदलांशी कोणीतरी जुळवून घेतल्याशिवाय नव्या कर्नलवर संकलितच होत नाही. डीकेएमएस ही यंत्रणा प्रत्येक नव्या कर्नलबरोबर ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) पुन्हा बांधते हे खरे. पण मूळ कोडच कालबाह्य झाला असेल, तर डीकेएमएसही काही करू शकत नाही. मग संगणक सुरू होतो, वायफाय गायब असते, आणि दुरुस्त केलेला ड्रायव्हर उतरवून घ्यायला इंटरनेट लागते! अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला देता येते, ही सोय ठाऊक असलेली बरी. सिक्युअर बूट (फक्त सही केलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सुरक्षा-सोय) चालू असेल तर आणखी एक पायरी वाढते, कारण स्वतः बांधलेल्या मॉड्यूलवर स्वतःच्या किल्लीची सही करून ती किल्ली संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या पातळीवर नोंदवल्याशिवाय कर्नल ते मॉड्यूल स्वीकारत नाही. ज्यांना हे सारे करण्यात रस आहे त्यांनी ते जरूर करावे. ज्यांना फक्त इंटरनेट हवे आहे त्यांनी ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असाच चिपसेट निवडावा.

असे चिपसेट आज पुरेसे आहेत, आणि त्यांत मीडियाटेकचे पारडे सध्या जड आहे. ‘एमटी ७६१२ यू’ हा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, एसी १२०० वर्गातला चिपसेट असून त्याचा ड्रायव्हर २०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या कर्नल ४.१९ पासून अंतर्भूत आहे. म्हणजे आज वापरात असलेल्या जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोवर (उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्सच्या वितरणावर) तो लावताक्षणी चालू व्हावा. वायफाय ६ हवे असेल तर ‘एमटी ७९२१ एयू’ आहे. मात्र त्याला किमान कर्नल ५.१८ लागतो, आणि तो मे २०२२ मध्ये आला. हा तपशील किरकोळ वाटेल, पण उबुंटू २२.०४ प्रसिद्ध झाले ते कर्नल ५.१५ घेऊन, त्यामुळे मूळ कर्नलवर राहिलेल्या त्या संगणकावर हा अडॅप्टर निर्जीव पडून राहतो. नंतर आलेला नवा कर्नल बसवला की तोच अडॅप्टर चालू होतो. डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही. खरेदीपूर्वी टर्मिनलवर यूनेम (uname -r) ही आज्ञा देऊन आपल्या कर्नलची आवृत्ती पाहून घ्यावी, ती याचसाठी.

रिअलटेकबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण बाजारातले स्वस्त अडॅप्टर बहुतांशी त्यांच्याच चिपवर चालतात आणि त्यांच्याविषयीचे बरेच सल्ले आता जुने झाले आहेत. ‘आरटीएल ८८१२ एयू’ हा अतिशय लोकप्रिय चिपसेट अनेक वर्षे केवळ बाहेरच्या ड्रायव्हरवर तगून होता, आणि तो ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळता ठेवण्याचे काम स्वयंसेवक करत होते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या कर्नल ६.१४ मध्ये त्याला अखेर अधिकृत जागा मिळाली. ‘आरटीएल ८८२२ बीयू’ आणि ‘८८२१ सीयू’ यांना ती त्याआधीच, २०२३ च्या फेब्रुवारीत, कर्नल ६.२ मध्ये मिळाली होती. त्यामुळे ‘रिअलटेक नकोच’ हा सरसकट सल्ला आता तितकासा न्याय्य राहिलेला नाही. तरीही दीर्घकाळ एकाच जुन्या कर्नलवर राहणारी डिस्ट्रो वापरणाऱ्यांना मी अजूनही मीडियाटेकच सुचवीन.

केवळ २.४ गिगाहर्ट्झवर भागत असेल, तर अथेरॉसचा ‘एआर ९२७१’ हा जुना चिपसेट आजही आदराने घेतला जातो. त्याच्या ड्रायव्हरइतकेच त्याचे फर्मवेअरही (चिपच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) खुले आहे. वायफायच्या जगात ही दुर्मीळ बाब आहे, आणि मुक्त सॉफ्टवेअरविषयी आग्रही असणाऱ्यांना तो प्रिय आहे तो त्यामुळेच. वेग अर्थातच आजच्या मानाने बेताचा. इतर बहुतेक चिपसेटना ड्रायव्हरखेरीज बंदिस्त फर्मवेअरची फाइलही लागते. ती बहुतेक डिस्ट्रोंत फर्मवेअरच्या पॅकेजमधून मिळते, आणि २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येही तिचा समावेश झाला आहे. ड्रायव्हर आहे पण अडॅप्टर हलत नाही, अशी अवस्था असेल तर डीमेसेग (dmesg) या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींमध्ये फर्मवेअरची फाइल सापडली नसल्याची तक्रार आहे का, हे आधी पाहावे.

चिपसेट ठरला तरी अडॅप्टर ठरला असे होत नाही, कारण उत्पादक एकाच मॉडेल क्रमांकाखाली आतली चिप बदलतात. टीपी-लिंकच्या ‘टीएल-डब्ल्यूएन ७२२ एन’चे उदाहरण या बाबतीत सर्वांना पाठ झाले आहे: पहिल्या आवृत्तीत वर सांगितलेला अथेरॉसचा चिपसेट होता, आणि दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाच्या अडॅप्टरमध्ये रिअलटेकचा आला. जुना लेख वाचून नवा अडॅप्टर घेणाऱ्याच्या पदरी त्यामुळे भलतीच वस्तू पडते. म्हणून मॉडेलसोबत हार्डवेअरची आवृत्तीही तपासावी आणि परत करण्याची सोय असेल तिथूनच खरेदी करावी. अडॅप्टर हाती आल्यावर एलएसयूएसबी (lsusb) ही आज्ञा उत्पादक आणि उपकरण यांचे ओळखक्रमांक दाखवते. ते खोक्यावरच्या मजकुरापेक्षा अधिक खरे बोलतात. काही अडॅप्टर सुरुवातीला वायफायऐवजी विंडोजचा ड्रायव्हर असलेली सीडी म्हणून स्वतःची ओळख देतात; अशांना यूएसबी मोडस्विच या साधनाने मूळ रूपात आणावे लागते, आणि अनेक डिस्ट्रोंवर ते आपोआप घडते.

छापलेल्या वेगाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एसी १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची गोळाबेरीज; दोन्ही वेग एकाच वेळी मिळत नाहीत, आणि प्रत्यक्षात मिळणारा वेग दोहोंपेक्षाही बराच कमी असतो. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट असल्यामुळे ५ गिगाहर्ट्झचा पुरेपूर उपयोग करायचा असेल तर अडॅप्टर आणि पोर्ट दोन्ही यूएसबी ३.० चे हवेत. त्यात एक खोच आहे. यूएसबी ३.० चा विद्युतगोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिसळतो, असे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते. शेजारच्या पोर्टवर बाहेरची हार्डडिस्क चालू असताना वायफाय मंदावत असेल, तर अडॅप्टर छोट्या एक्स्टेन्शन केबलने दूर न्यावा किंवा सरळ ५ गिगाहर्ट्झवर जावे. नखाएवढे अडॅप्टर दिसायला देखणे असतात, प्रवासात मोडत नाहीत, पण त्यांत अँटेनाला जागाच नसते. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर ते मी सुचवणार नाही.

एवढी यातायात करण्याआधी लॅपटॉप उघडता येतो का, हेही पाहावे. आतले कार्ड एम.२ प्रकारचे (छोट्या खाचेत बसणारे) आणि बदलता येण्याजोगे असेल, तर इंटेलचे ‘एएक्स २१०’सारखे कार्ड बसवणे हा यूएसबी अडॅप्टरपेक्षा सरस मार्ग आहे, कारण पोर्ट अडत नाही, लॅपटॉपच्या पडद्याभोवतीचे अँटेना वापरता येतात आणि ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. अडचणी दोनच: काही लॅपटॉपांचे बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) ठरावीक कार्डांखेरीज इतर कार्डे स्वीकारत नाही, आणि काहींत वायफाय मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेले असते. यांपैकी काही असेल, तर ‘एमटी ७६१२ यू’ असलेला, बाहेर अँटेना असलेला अडॅप्टर घ्यावा. आणि कर्नल ५.१८ किंवा त्यापुढचा असून राउटरही वायफाय ६ चा असेल, तरच ‘एमटी ७९२१ एयू’साठी जास्तीचे पैसे मोजावेत.