कन्हानचा जुना दगडी पूल: वरून नव्हे, खालून बघा

नागपूरहून कामठी रोडने सोळा-सतरा किलोमीटर गेलं, कामठी मागे पडली की कन्हान नदी. बाजूला नवा पूल झाल्यामुळे जुन्या कमानींकडे आता कोणी मान वळवूनही बघत नाही. मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतच आहे, पुढे बस किंवा ऑटो. गाडी हायवेच्या कडेला लावू नका, ट्रक अंगावरून जातात.

१८२१ मध्ये कामठीला इंग्रजांची छावणी बसली. जबलपूरचा रस्ता पुढे इथूनच कन्हान ओलांडत असे, त्यासाठी हा पूल.

खरं बघायचं ते नदीच्या पात्रातून. कमानीचे दगड पाचरीसारखे घडवलेले असतात आणि वजन त्यांच्यातून तिरकं खांबांवर उतरतं. शेजारशेजारचे गाळे, म्हणजे दोन खांबांमधल्या कमानी, एकमेकांना रेटून तोल धरतात, म्हणून एक खांब खचला की बाजूचा गाळाही धोक्यात येतो. आधी सांधे बघा. पांढरे ओघळ दिसले तर पाणी मुरून आतला चुना वाहतोय. दगडांत पिंपळाचं रोप असेल तर वरून तोडून काही होत नाही, मूळ आत फुगतच राहतं. चुन्याच्या जुन्या सांध्यांवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दगडाचाच पापुद्रा सुटतो. दुरुस्तीच्या नावाखाली हे सर्रास होतं.

मग खांबाचा पायथा. कन्हानची रेती अख्ख्या नागपूरच्या बांधकामांत गेली आहे. रेती उपसली की पात्र खोल जातं आणि पायाभोवतीचा आधार निघतो. खांबाच्या तळाशी दगडाचा रंग एकदम बदललेला दिसला, तर तेवढा भाग पूर्वी रेतीत गाडलेला होता असं समजायला हरकत नाही.

रेती उपसून पडलेले खड्डे माणसालाही धोक्याचे. घोटाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल डोहात जाऊ शकतं. काठीने चाचपल्याशिवाय उतरू नका, ओल्या रेतीच्या उभ्या कडेवर तर उभंच राहू नका. जुलै ते सप्टेंबर पात्रात जायचंच नाही: पेंच नदी वरच्या अंगाला येऊन मिळते, आणि तिच्यावरच्या नवेगाव खैरी धरणातून पाणी सोडलं की इथे पाऊस नसतानाही पातळी चढते. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

बूट जुने घाला, प्यायचं पाणी सोबत ठेवा. कठड्यावर बसून फोटो नकोत. लष्कराची छावणी जवळ आहे, तेव्हा ड्रोन घरीच ठेवा. टोकाला अडथळा लावला असेल तर पुलावर चढू नका. तसंही वरून कमान दिसत नाही.