खलनायकाची चौदा पानं

ऐतिहासिक कादंबरी संपादनाला आली की मी आधी एक रजिस्टर आखते. डावीकडे पात्रांची नावं, वर प्रकरणांचे आकडे, चौकटीत एकच खूण: जिवंत की मृत. हसू नका. अकराव्या प्रकरणात ज्याला अग्नी दिला तो सोळाव्यात मुजरा करतोय, असं आम्ही किती वेळा पकडलंय ते आम्हालाच ठाऊक. पण कॅप्टनसाहेबांच्या कादंबरीचं रजिस्टर मधल्या प्रकरणांत इतकं लाल झालं की ऑफिसातल्या पोराने विचारलं, "मॅडम, यांच्यात साथ आली होती का?"

साथ नव्हती. 'बटाव्हिया' हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं नवंकोरं जहाज पहिल्याच सफरीत, ४ जून १६२९ रोजी पहाटेच्या आधी, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या बेटांजवळ खडकावर चढलं. पुढे पांढरं काहीतरी दिसतंय असं टेहळ्याने सांगितलं होतं. कप्तान याकोब्सला ते लाटांवरचं चांदणं वाटलं. जहाजावर तीनशेच्या वर माणसं. त्यातली बरीचशी पोवळ्याच्या उघड्याबोडक्या बेटांवर उतरली. जहाजाचा प्रमुख पेल्सर्ट आणि कप्तान, दोघेही पन्नासएक जणांना घेऊन होडीतून पाणी शोधायला निघाले आणि शेवटी मदत आणायला थेट जावा गाठलं. मागे उरलेल्यांत वरच्या हुद्द्याचा माणूस एकच, येरोनिमस कॉर्नेलिस. हार्लेममध्ये औषधांच्या दुकानाचं दिवाळं काढून कंपनीत आलेला. सप्टेंबरात पेल्सर्ट परत येईपर्यंत या माणसाच्या हुकमाने शंभराहून अधिक लोक मारले गेले होते. पाद्र्याची बायको आणि मुलं एका रात्रीत गेली. थोरल्या मुलीला तेवढं ठेवलं.

लेखक मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले. मजकूर श्री-लिपीत. तो युनिकोडमध्ये आणताना रफार एकेक अक्षर पुढे सरकतात, काही जोडाक्षरं फुटतात, आणि ती शोधण्यात जो वेळ जातो त्याला कोणी संपादन म्हणत नाही. त्यात आमच्या मालकांचं गणित वेगळंच. सोळा पानांचा फर्मा. कादंबरी पस्तीस फर्म्यांची भरत होती, त्यांना तीस हवे होते. "ऐंशी पानं काढा. पात्रं फार झालीत, आठ-दहा कमी करा," म्हणाले आणि चहा सांगितला. बेटावरही सुरुवात अशीच झाली होती, खाणारी तोंडं फार झालीत म्हणून. मी काही बोलले नाही. मालकांना कादंबरीतलं एकच पान आवडलं होतं. बुडालेल्या जहाजातल्या चांदीच्या पेट्या काढायला पेल्सर्टने सोबत गुजराती पाणबुडे आणले होते, बारापैकी दहा पेट्या वर आल्या, ते पान. "हे मलपृष्ठावर घ्या. भारतीय कनेक्शन."

तर ऐंशी पानांसाठी कॅप्टनसाहेब ऑफिसात आले तो दिवस. मी खुणा करून ठेवल्या होत्या. होडीच्या प्रवासाला मी हात लावला नव्हता. सुमारे तीन हजार किलोमीटर, उघडी होडी, महिनाभर, आणि माणूस एकही दगावला नाही. वारा कुठून, शीड किती, पाणी कसं वाटलं, हे त्यांनी असं लिहिलंय की मराठीत समुद्रावर इतकं नेमकं गद्य माझ्या वाचण्यात फार आलेलं नाही. माझा आक्षेप तेविसाव्या प्रकरणाला होता. फाशीच्या आदल्या रात्री कॉर्नेलिसचं स्वगत. चौदा पानं. स्वतःच्या बाळाचा मृत्यू, दिवाळं, अपमान, मग पश्चात्ताप, मग आईची आठवण. आपल्याकडे खलनायकाला शेवटी आई आठवलीच पाहिजे असा कुठेतरी जीआर निघालेला असावा.

"कॅप्टनसाहेब, हे कागदपत्रांत नाही. फाशीच्या आधी त्याने विष घेऊन बघितलं. फाशीच्या दिवशी दोन्ही हात तोडले, तरी फासाखाली 'सूड, सूड' ओरडत होता. तुम्हीच तर टिपणं पाठवलीत."

"कोणाची टिपणं? पेल्सर्टची."

"हो."

"मॅडम, मी अपघातांच्या चौकशीत बसलोय. ज्याच्या ताब्यातलं जहाज गेलं, त्यानेच पंचनामा लिहायचा? वर पाण्याचा मारा करून जबाब घ्यायचे? लोकांना टाकून गेला होता तो. त्याला राक्षस हवाच होता."

मग ते सुरतेवर गेले. पेल्सर्ट आग्र्याला कंपनीचा व्यापारी होता. सुरतेला याकोब्सने दारू पिऊन चारचौघांत त्याचा अपमान केला होता. त्याच दोघांना कंपनीने पुढे एका जहाजावर बसवलं, आणि कंपनीच्या नियमाने व्यापारी वर, कप्तान खाली. हे सांगताना कॅप्टनसाहेबांचा आवाज चढला. जावाला पोचल्यावर कप्तान तुरुंगात गेला आणि पेल्सर्टला दुसरं जहाज मिळालं. "महिनाभर होडी कोणी हाकली? व्यापाऱ्याने?"

मी म्हटलं, बेटावर उत्खननात कवट्या सापडल्यात, त्यांच्यावर वार आहेत. ते पेल्सर्टने लिहिलेले नाहीत.

"वार कोणाच्या सांगण्यावरून झाले, ते तर त्यानेच लिहिलंय ना?"

पाद्र्याचं पत्र आहे, मी म्हटलं. स्वतःचं घर गेलेल्या माणसाचं.

"पाद्रीही कंपनीचाच पगारी."

इथे मी अडले, आणि खरं सांगायचं तर अजून अडलेलीच आहे. कॉर्नेलिस निर्दोष होता असं त्यांचंही म्हणणं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की हा माणूस आपल्याला शत्रूच्या अक्षरातून दिसतो, म्हणून त्याला कादंबरीत तरी स्वतःच्या तोंडाने बोलू द्यावं. युक्तिवाद चांगला आहे. स्वगत वाईट आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लेखकाला कशा सांगायच्या, हे मला आजवर कोणी शिकवलेलं नाही.

मी रजिस्टर उघडलं आणि एका नावावर बोट ठेवलं. सालोमन देशांप. पेल्सर्टचा जुना कारकून. कादंबरीत त्याला दीड ओळ होती.

तिथलं प्रकरण असं. बेटावर एक तान्हं मूल होतं. कॉर्नेलिसने औषध म्हणून त्याला पाऱ्यापासून केलेलं विष दिलं. औषधविक्या होता, विषाची माहिती होती. मूल मेलं नाही. अर्धमेलं होऊन पडलं. मग त्याने ते स्वतः संपवलं नाही. देशांपला बोलावलं आणि गळा आवळायला लावला. कारकुनाने आवळला. इतक्या खुनांत कॉर्नेलिसने स्वतःच्या हाताने केलेला प्रयत्न कागदपत्रांत हाच सापडतो, आणि तोही फसलेला. बाकी सगळं दुसऱ्यांच्या हातांनी. त्याचा कारभार बघा: आधी मंडळ नेमलं, मग माणसं वेगवेगळ्या बेटांवर विभागली, हेस नावाच्या शिपायाच्या तुकडीला बिनहत्यारी पाणी शोधायला धाडलं, आणि साथीदारांकडून लेखी शपथ घेतली, खाली सह्या. माणसं मारतानाही त्याला सह्या लागत होत्या.

"चौदा पानं त्याच्या मनाला देण्यापेक्षा," मी म्हटलं, "या कारकुनाला द्या. सकाळी तो काय करत असेल, संध्याकाळी मोजदाद कोणापुढे ठेवत असेल. याचे हात नसते तर कॉर्नेलिस काय करणार होता? त्याला तर धड पोहताही येत नव्हतं."

कॅप्टनसाहेबांनी चष्मा काढला. "तुम्हाला कारकून आवडला, कारण तुम्ही टेबलामागे बसता."

मला झोंबलं. तुम्हाला तो कप्तान आवडला कारण तुम्हीही कप्तान, असं तोंडावर आलं होतं, पण वयाचा मान. शिवाय ते म्हणाले ते खोटं नव्हतं. ठरलं काहीच नाही. जाताना ते तेविसावं प्रकरण घेऊन गेले आणि माझ्या रजिस्टरचा मोबाइलवर फोटो काढला.

त्यानंतर बरेच दिवस शांतता. लेखक गप्प झाला की एक तर तो दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलेला असतो नाहीतर लिहीत असतो. परवा फोन आला. स्वगत चार पानांवर आणलंय, पण आई राहणार, ती काढणार नाही म्हणाले.

"आणि देशांप?"

"बावीस पानं झाली. अजून चालू आहे. फर्मा वाढतोय, ते तुमच्या मालकांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."